पाणी काबूलपर्यंत

बाबालाल नदाफच्या काट्यावर रेडिओला रेडिओ म्हणत नाहीत.
तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, लोखंड वेगळं,
लाकूड चुलीला.
"वैनी, लवकर सांगा, हातोडा हातात हाय."

चौदा किलो भरला.
मी म्हटलं, त्यातला तीन किलो चिखल आहे,
चिखलाचे पैसे कोण देतं?
"नदीनं घातलाय. मी न्हाई."
शेवटी चहावर मिटलं. चहा मीच पाजला.

माझा धंदा मोटारी भरण्याचा.
जळालेलं तांबं काढायचं, नवं गुंडाळायचं,
वेढे मोजायचे. मनात दुसरं काही आलं की आकडा जातो.
हे गेले त्या आठवड्यातही मी दुकान उघडलं होतं;
मोजणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

रेडिओ हा धंदा नव्हे.
शेजारचे लेथवाले मगदूम त्याला खूळ म्हणतात,
आणि दर वेळी गाड्यावरून उतरवायला हात लावतात.

हा पुराच्या वर्षीचा. पाणी ओसरल्यावर
कुंभार गल्लीत दारादारांत ढीग होते,
गाद्या, मिक्सर, फुगलेल्या वह्या,
त्यात हा पालथा पडलेला.
मी वाकेपर्यंत भंगाराचा गाडा पुढं गेला होता.
मागोमाग चालत गेले, गोदामापर्यंत.

काचेवर गावं छापलेली.
दिल्ली, कोलंबो खालच्या ओळीत, रंगून त्यांच्या वर,
सगळ्यात वर काबूल.
चिखलाची रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी,
काबूलच्या पायाशी थांबलेली.
पंचगंगा इतक्या लांब गेल्याचं
कुठल्याच पंचनाम्यात नाही.

महिनाभर सावलीत वाळला, भुईमुगाच्या शेंगांशेजारी.
ट्रान्सफॉर्मर गेलेला. हे तर आपलंच काम,
फक्त तार केसाएवढी, आणि वेढे तीन हजार.
दोन हजार सहाशेला तुटली.
मगदूम म्हणाले, "जोड द्या की."
मी पहिल्यापासून मोजलं.

काट्याचा दोरा कुठं मिळेना.
सुभाषनगरात चपला शिवणाऱ्या हिराबाई सातपुतेंनी
आपला मेणाचा दोरा दिला, वर विचारलं,
"एवढ्यानं बोलंल व्हय त्यो?"
मेण मात्र खरवडून काढावं लागलं,
नाहीतर काटा घसरतो.

वरच्या फळीला, आतल्या अंगानं,
जिथं पाणी पोचलं नव्हतं,
पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

ग. बा. चौगुले. ७-३-७१. खरखर.
१२-६-७१. परत खरखर.
४-११-७१. खरखर रेडिओत नाही, घरात आहे. पैसे घेतले नाहीत.

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथ नाही, वेल्डिंग नाही,
तेव्हा कुठं हवेत काही सापडतं.
व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं.
त्या मिनिटात मी काहीच मोजलं नाही.
आधी नुसती घरघर,
मग काटा रंगूनवर आणि आवाज सांगलीचा:
कुणीतरी हळदीचा भाव सांगत होतं.

गल्लीत विचारत विचारत घर शोधलं.
मुलगा, अभिनंदन उपाध्ये, पन्नाशीचा,
दारातच उभा राहिला.
"चालू झाला? खरंच?"
मग मागं वळून भिंतीकडं बघितलं. नवा रंग, नवं कपाट.
"ठेवायचा कुठं पण, मावशी?"
चौगुल्यांनी काय लिहिलंय ते सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं.

ठेवायचा कुठं हे मलाही माहीत नाही.
हा सतरावा. कॉटखाली आता चपलासुद्धा मावत नाहीत.

फळीवर, चौगुल्यांच्या खाली, तारीख घातली.
सु. लोहार. ट्रान्सफॉर्मर नवा भरला.
खरखर आहे. राहू दिली.

एक बटण मात्र मिळालं नाही.
तिथं सध्या खोकल्याच्या औषधाचं टोपण आहे.
फिरतं.